‘नीट कर’ म्हणजे नेमकं काय?

पुढारी हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, हारतुरे आणि ध्वनिक्षेपक उभे राहतात. आपण बायका त्या शब्दाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाही. ‘आम्ही कसल्या पुढारी! आम्ही आपल्या घर सांभाळणाऱ्या,’ असं म्हणून मोकळ्या होतो. पण जरा विचार करून पाहा. सकाळी सहा वाजता घरातल्या पाच माणसांना मार्गाला कोण लावतं? कुणाचा डबा, कुणाची गोळी, कुणाची गाडी, गॅसचा नंबर कधी लावायचा, पावसाळ्याआधी सुकी मासळी आणि कडधान्यं कधी भरायची, हे कोण ठरवतं? चार माणसांचे हात एका कामाकडे वळवणं यालाच जर पुढारीपण म्हणायचं, तर ते घराघरांतून चाललेलंच आहे. फक्त त्याला तसं नाव कुणी दिलेलं नाही.

नाव नसलं तरी त्यातल्या अडचणी मात्र त्याच असतात. सगळ्यात मोठी अडचण अशी, की काय करायचं ते सांगितलं जातं, पण नेमकं सांगितलं जात नाही. ‘नीट वाग.’ ‘अभ्यास कर.’ ‘घर जरा बरं दिसू दे.’ ‘पाहुण्यांचं व्यवस्थित करा हं.’ आता या ‘व्यवस्थित’चंच घ्या. सुनेच्या मनात व्यवस्थित म्हणजे गरम पोहे, चहा आणि दोन गोड शब्द. सासूबाईंच्या मनात व्यवस्थित म्हणजे पाट, रांगोळी आणि पुरणाचं ताट. दोघीही दिवसभर राबतात, दोघींचेही पाय दुखतात आणि पाहुणे गेल्यावर दोघींचीही तोंडं फुगलेली! भांडण कष्टांवरून नसतं, प्रेमावरून तर नसतंच. एकाच शब्दाची दोघींच्या मनात दोन वेगळी चित्रं असतात, एवढंच.

बांधावरची बाई

आमच्या नागोठण्याच्या आसपास जुलैत भाताची लावणी सुरू झाली, की रस्त्यानं जाताना मी घटकाभर थांबतेच. चिखलात ओळीनं वाकलेल्या दहाबारा बायका असतात. त्यांच्यात एक वयस्कर बाई अशी असते, की तिचा शब्द बाकीच्या मानतात. ती भाषण करत नाही, की ‘जोर लावा, मन लावून करा’ असंही म्हणत नाही. ती म्हणते, ‘दुपारच्या भाकरीपर्यंत ओढ्याकडचं खाचर उरकू, मग वरचं धरू. आवण कमी पडलं तर विरळ लावू नका, हाक मारा.’

दोन वाक्यं! पण त्यांत काय नाही? कोणतं काम, कुठपर्यंत, किती वेळात, त्यानंतर काय, आणि अडचण आली तर काय करायचं, सगळं आलं. त्या बाईनं पुढारीपणावरचं एखादं पुस्तक वाचलं असेल असं मला वाटत नाही. तिला एवढंच पक्कं ठाऊक आहे, की पाऊस थांबणार नाही आणि पाण्यात उभ्या असलेल्या बाईला कोड्यात बोलून चालणार नाही.

बी.ए.ला माझा इतिहास होता, आणि आता शाळेत अर्धवेळ शिकवते तेही इतिहास आणि मराठीच. त्यामुळे अशी वाक्यं ऐकली की माझं मन आपसूक मागं जातं. शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना ते लिहिलेलं आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. पावसाळा तोंडावर आलेला. एवढा मोठा राजा. त्यानं ‘शिस्तीनं राहा, रयतेला त्रास देऊ नका’ एवढा हुकूम सोडला असता तरी चाललं असतं. पण पत्रात काय आहे? दाणा-वैरण पावसाळ्याच्या बेतानं साठवलेली आहे. ती आताच वारेमाप उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिरून कुणाचे दाणे, कुणाची वैरण, कुणाची भाजी उचलाल, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे! तेव्हा जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. आणि रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका. एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील.

उंदीर आणि वात! स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला हे वाचून महाराज एकदम आपल्यातले वाटावेत. ‘आगीपासून सावध राहा’ हे सगळेच सांगतात. पण आग कशी लागेल, हे डोळ्यांपुढे उभं केलं की माणूस झोपण्याआधी उठून दिवा मालवतोच. आणखी एक पाहा. त्या पत्रात प्रत्येक हुकमाला ‘का’ जोडलेला आहे. शिपायाला कारण कळलं, की महाराज तिथं नसतानाही काम होतं.

चरीचे नांगर

आता आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. नागोठण्याहून वडखळला जाऊन अलिबागचा रस्ता धरला, की पोयनाडच्या बाजूला चरी हे गाव आहे. खारेपाटातलं गाव. पूर्वी इथं खोती होती. खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्या मधला. कुळानं चिखलात राबायचं आणि पिकातला मोठा वाटा खंड म्हणून खोताच्या घरी पोचवायचा. वर आणखी वेठीची कामं. पीक बुडालं तरी खंड बुडत नसे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावं त्यात उतरली. हा संप १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षं चालला. शेतकऱ्यांनी सहा वर्षं संपावर राहायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात दिलेल्या मुलीलाच कळेल. गिरणी बंद ठेवली तर मालकाचा कापूस तसाच राहतो. शेत पडीक ठेवलं तर आपल्याच घरातली कणगी रिकामी होते.

मी पुष्कळदा विचार करते, की ही माणसं टिकली कशी? त्यांचं दुःख मोठं होतं हे खरंच. पण दुःख तर त्याआधीही पिढ्यान्‌पिढ्या होतं. मला वाटतं, त्यांना जे सांगितलं गेलं ते अगदी साफ होतं: खोताची जमीन कसायची नाही. बस्स! ‘अन्याय दूर झाला पाहिजे’ एवढंच कुणी म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, आणि मृगाचा पाऊस येताच नांगर खोताच्या शेतात गेले असते. पण ‘कसायची नाही’ यात पळवाट नव्हती. नांगर शेतात गेला की नाही, हे बांधावरून लहान पोरालाही दिसत होतं. आपण शब्द पाळतो आहोत की नाही हे रोज सकाळी ज्याचं त्याला कळत होतं, आणि शेजाऱ्यालाही.

या संपात बायकांचा वाटा फार मोठा होता. शेत पिकत नव्हतं, पण चूल तर पेटवायची होती. रानातल्या लाकडांच्या मोळ्या आणून विकायच्या, खाडीची मासळी धरायची, मिळेल ती मजुरी करायची, अशा तऱ्हेनं लोकांनी ती वर्षं काढली. मोळी डोक्यावर घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईला आपण हे कशासाठी करतो आहोत ते स्वच्छ ठाऊक असल्याशिवाय ती सहा पावसाळे कशी चालेल? नवऱ्यानं सभेत हात वर केला म्हणून ती एक हंगाम काढील. पुढचे हंगाम तिचे स्वतःचे असतात.

१९३४ साली डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले. १९३७ साली शेतकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी ‘कृषीवल’ पत्र सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. १९३९ साली कुळांसाठी कायदा झाला, १९४८ साली त्याहून मोठा कूळ कायदा आला, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाचा दिवस ठरला. आज आमच्याकडे कित्येक घरांतल्या सात-बाराच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे, त्याच्या मुळाशी असा एक साधा, साफ शब्द आहे.

कागदावरचं पाणी

नागोठण्याहून महामार्गानं उलट दिशेला, दक्षिणेला निघालं की कोलाड, माणगाव मागं टाकून महाड लागतं. तिथल्या चवदार तळ्याची हकिकत शाळेत शिकवताना मुलांना मी एक प्रश्न विचारते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं असल्याचा ठराव केला. मग तीन वर्षं तळ्याचं पाणी कुणी का प्यायलं नाही? मुलं म्हणतात, ‘बाई, भीती वाटत असेल.’ बरोबरच आहे. पण भीतीखेरीज आणखी एक कारण आहे. ‘खुलं आहे’ हे कुणीही करायचं काम नाही. त्यात कोण जाणार, कधी जाणार, कुणाबरोबर जाणार, हे काहीच नाही.

२० मार्च १९२७ रोजी परिषद संपताना ते सगळं ठरलं. सर्वांनी मिळून, आज, आत्ता, रांगेनं तळ्यावर जायचं आणि पाणी प्यायचं. डॉ. आंबेडकर स्वतः पुढं चालले. ओंजळभर पाणी! तीन वर्षांच्या कागदांनी जे झालं नाही ते त्या दिवशी झालं. त्यानंतर लोकांना मारहाणही झाली, तीही सोसली.

खरी कसोटी पुढंच होती. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्यासाठी हजारो माणसं महाडला जमली. आणि ऐन वेळी कोर्टाचा मनाई हुकूम हाती पडला. गावोगावहून पदरमोड करून आलेली माणसं, तळं हाकेच्या अंतरावर, आणि आता जायचं नाही? पुढाऱ्याच्या आयुष्यात याहून कठीण घडी नसेल. डॉ. आंबेडकरांनी लोकांपुढं सगळी परिस्थिती ठेवली, चर्चा झाली आणि सत्याग्रह तहकूब करायचं ठरलं. लोकांनी तळ्याभोवतून शांतपणानं मिरवणूक काढली आणि ती मागं आली. पाणी प्यायलं नाही, तरी माणसं फुटली नाहीत.

का फुटली नाहीत? कारण आपण नुसतं पाण्यासाठी आलेलो नाही, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला आलो आहोत, हा ‘का’ त्यांना आधीच सांगितलेला होता. ज्याला नुसतं ‘पाणी प्यायचं’ एवढंच ठाऊक, त्याला तो दिवस हरल्यासारखा वाटेल. ज्याला ‘का’ ठाऊक, त्याला कळेल की वाट बदलली, गाव तेच आहे. तळ्याचा खटला पुढं उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. दहा वर्षं!

त्याच डिसेंबरच्या मुक्कामात डॉ. आंबेडकर बायकांशी वेगळं बोलले. आपल्या पानांवर याची आठवण व्हायलाच हवी. ‘उन्नती करा’ एवढं सांगून ते थांबले नाहीत. लुगडं इतर बायकांसारखं पायघोळ नेसा. गळ्यात-हातांत ओळखीची खूण म्हणून घातले जाणारे जड, हलक्या धातूचे दागिने टाकून द्या. मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका. दारू पिऊन येणाऱ्याला घरात थारा देऊ नका. मुलांइतकंच मुलींनाही शाळेत घाला. प्रत्येक गोष्ट घरी परत जाताच करता येण्याजोगी! आणि लुगड्याचं तर कित्येकींनी तिथंच केलं. उन्नती हा शब्द एवढा मोठा, पण तो निऱ्यांपर्यंत खाली आणला की हाताला लागतो.

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांची आघाडी उभी केली तेव्हाही हेच घडलं. मोर्चाला काय आणायचं? लाटणं आणि थाळी! ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातही लाटणं असतंच. काय आणायचं हे विचारायला कुणाला लागलं नाही, आणि कशासाठी आणायचं हे तर रोज डब्यातला डालडा आणि साखर मोजणाऱ्या बाईला सांगायलाच नको होतं.

आपल्या चार भिंतींत

इतक्या मोठ्या गोष्टींचं आपल्या घरात काय, असं म्हणाल. मला तर वाटतं, तिथंच त्यांचा उपयोग आहे.

माझ्या वर्गात आठवीला एक मुलगी होती. घरी रोज तीन तास पुस्तक घेऊन बसायची, तरी चाचणीत नापास. घरचे म्हणत, ‘अभ्यासाला बस.’ ती बसत होती! तिला सांगितलेलं काम ‘बसणं’ हेच होतं. तिला मी म्हटलं, ‘वेळ मोजू नकोस. एक धडा वाच, त्यावर स्वतःच तीन प्रश्न तयार कर, पुस्तक मिट आणि उत्तरं लिहून मला सकाळी दाखव.’ पहिल्या दिवशी तिनं एकच प्रश्न आणला, तोही धड नव्हता. दिवाळीपर्यंत ती तीन प्रश्न आणू लागली आणि त्यांतला एखादा असा, की मलाच पुस्तक उघडावं लागे. तिच्या आईला मात्र काळजी, ‘बाई, हल्ली ती तासभरच बसते हो!’

घरी आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, दुखणं निघालं. मधुमेह. पायाला झालेली लहानशी जखम दोन महिने भरेना. डॉक्टर, नातेवाईक, शेजारीपाजारी, सगळ्यांचं एकच पालुपद: ‘पथ्य सांभाळा, गोड टाळा, भात कमी करा.’ आता आमच्या या बाजूला भात कमी करा म्हणजे श्वास कमी घ्या म्हटल्यासारखं आहे. दुपारी भात, रात्री भात, आणि भाकरी म्हणाल तर तीही तांदळाचीच. आईंच्या हिशेबानं त्यांनी भात कमी केलेला होताच. पूर्वी चार वाढे घेत, आता तीन! त्या खोटं बोलत नव्हत्या.

सासूला काय सांगायचं, हा सुनेपुढचा मोठाच प्रश्न असतो. हुकूम तर करता येत नाही. मग पुढच्या खेपेला मी आईंनाच बरोबर घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारलं, ‘कमी म्हणजे किती? आमच्या वाटीनं सांगा.’ वाटी पिशवीतून नेलीच होती. डॉक्टर हसले, पण त्यांनी सांगितलं. दुपारी एक वाटी भात, रात्री एक भाकरी, पालेभाजी हवी तितकी, दोन्ही जेवणांनंतर थोडं चालणं, आणि रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात तपासून बघायचे. औषधं वेळेवर घ्यायची ती वेगळीच. (हे प्रमाण आमच्या आईंचं, प्रत्येकीनं आपल्या डॉक्टरांना आपली वाटी दाखवून विचारावं.)

आई घरी आल्या आणि ती वाटी त्यांनी स्वतःच मांडणीवर वेगळी ठेवली. ‘ही माझी. हिला कुणी हात लावायचा नाही.’ त्या वाटीवरून पुढं आमच्यात एकदाही वाद झाला नाही. एखाद्या दिवशी सणासुदीला त्या दोन वाट्या घेतात आणि मला आधीच सांगतात, ‘आज दोन हं, सूनबाई!’ जखम भरली, पण वाटी तिथंच आहे. आता मला पहारा करावा लागत नाही, हे माझ्या मते जखम भरण्याइतकंच मोठं.

तिसरं उदाहरण आमच्या महिला मंडळाचं. उन्हाळ्यात आमच्या आळीला पाण्याची रड. एका कचेरीत आमचे अर्ज जात: ‘पाण्याची योग्य सोय व्हावी ही विनंती.’ तिकडून उत्तर येई: ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ योग्यला योग्य! दोन्ही कागद तितकेच गोड आणि तितकेच पोकळ. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा कायदाच आहे. अशा एका सभेत एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, तुम्हाला नक्की हवंय काय? समुद्र?’ सगळ्या हसल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा नेमकं लिहिलं गेलं. कोणत्या नळाला, किती घरांसाठी, सकाळी किती ते किती, कोणत्या तारखेपासून. आणि न झाल्यास चौकशीला कोणत्या दोघी, कोणत्या वारी येतील. पाणी आलं. सकाळी मागितलं होतं, ते संध्याकाळी येतं, पण येतं. आता अर्जाचा दुसरा भाग चालू आहे.

साफ असलं म्हणजे चांगलं असतंच असं नाही

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. ध्येय अगदी साफ असूनही ते जाचक असू शकतं. ‘दहावीला नव्वद टक्के पाहिजेत,’ याच्याइतकं स्वच्छ वाक्य कुठलं? पण ते कुणाचं ध्येय आहे? मुलाचं, की वडिलांच्या कचेरीतल्या मित्रांना सांगण्यासाठीचं? आणि त्यात मुलानं उद्या सकाळी उठून करायचं काय, हे कुठं आहे? आकडा सांगितला म्हणजे वाट सांगितली असं होत नाही. माझ्याकडे असा आकडा छातीवर घेऊन बसलेली मुलं येतात. त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.

चरीच्या कुळांनी सभेत बसून स्वतः ठरवलं होतं. महाडला बेत बदलताना लोकांसमोर चर्चा झाली होती. आमच्या आईंनी वाटी स्वतः उचलून ठेवली. सांगणारा कितीही स्पष्ट बोलला, तरी ऐकणाऱ्यानं ते आपलं म्हटल्याशिवाय काही खरं नाही. आणि आपलं म्हणायचं तर त्याची किंमतही आधी सांगितलेली हवी. उपाशी राहावं लागेल हे झाकून ठेवून कुणी सहा पावसाळे काढत नाही. घरात खर्च कमी करायचा असेल तर मुलांना ‘काटकसर करू या’ म्हणण्यापेक्षा, ‘बाबांचं काम सुटलंय, मार्चपर्यंत सहल नाही, नवे कपडे नाहीत, पण शाळेची फी आणि दूध चालू राहील,’ असं सांगावं. मुलं रडतील, पण ती आपल्या बाजूला येऊन बसतील.

म्हणून कुणाला काही काम सांगायच्या आधी मनाशी चार प्रश्न विचारून पाहावेत, असं मी मैत्रिणींना सुचवीन. हे काम झालं हे डोळ्यांना कसं दिसेल? कधीपर्यंत? कशासाठी? आणि अडलं तर कुणाला हाक मारायची? सांगून झाल्यावर, ‘कळलं ना?’ असं विचारू नये. त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी, ‘आता तू काय करणार आहेस ते मला सांग बघू,’ असं म्हणावं. कितीदा तरी समोरून भलतंच ऐकायला मिळतं, आणि ते काम बिघडल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही बरं.

पाचवा प्रश्न स्वतःसाठी. घरातल्या सगळ्यांना त्यांची त्यांची कामं नेमकी सांगणाऱ्या बाईला, तिचं स्वतःचं काय ठरलंय, असं कुणी विचारलं तर ती पदर सावरत म्हणते, ‘माझं काय, सगळ्यांचं चांगलं व्हावं, बस्स.’ यातलं ‘चांगलं’ म्हणजे कोणतं, किती आणि कधीपर्यंत? एकदा निवांतपणे, दुपारची भांडी झाल्यावर, कागदावर लिहून पाहा. शिवणाचा वर्ग असेल, राहिलेली परीक्षा असेल, नाही तर रोज अर्धा तास कुणी हाक मारायची नाही एवढंच असेल. जे असेल ते तारीख-वारासकट लिहा, आणि घरच्यांना वाचून दाखवा.